नंबर एक आणि ओदालिस ब्रिंगास

सान ब्लास गावात एवेलिओ रोके समोरून येताना दिसला, की लोकांना एकदम कामं आठवायची. कुणाचं दूध उतू जायचं, कुणाला मायामीहून फोन यायचा असायचा. एक जण तर त्याला चुकवायला चर्चमध्ये शिरला आणि पाद्रीबाबांच्या तावडीत सापडला. एवेलिओ माणूस वाईट नव्हता हो! एकाहत्तर वर्षांचा, साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झालेला, इस्त्रीचा शर्ट घालणारा सज्जन गृहस्थ. पण त्याचं "सहज सांगतो हं" सुरू झालं, की ऐकणाऱ्याची धडगत नसे.

"सहज सांगतो हं," पाव घेता घेता तो पाववालीला सांगायचा, "'मिठाच्या गोदामातली बाई' लागला कुठे, तर सोडू नकोस. हिरॉइनकडे बघायचं नाही. तिच्याकडे सगळं जग बघतं. तिच्या नणंदेकडे बघायचं. ओदालिस ब्रिंगास! सोळा सिनेमे केले बिचारीने, पोस्टरवर एकदाही नाव नाही."

"काका, पाव घ्या आणि सरका. मागे लोक उभे आहेत."

"जातो गं. पण 'रविवारची पाहुणी' मध्ये डॉक्टरची आई आहे ना..."

तेवढ्यात पाववाली पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागलेली असायची.

बायको, नेरेइदा, होती तोवर निदान ती ऐकायची. ऐकायची म्हणजे काय, भांडी घासता घासता "हूं" म्हणायची. पण ते "हूं" घरात असायचं. तिला जाऊन चार वर्षं झाली. मुलगा स्पेनमध्ये. दर रविवारी फोन करायचा, गावात वीज असली तर. "बाबा, गोळ्या घेतल्या? जेवलात? बरं, ठेवतो." एवढ्यात संभाषण उरकायचं. सिनेमाबद्दल एवेलिओला कुणी काही विचारत नव्हतं. खरं सांगायचं तर कशाबद्दलच विचारत नव्हतं, आणि त्याचं त्याला फार वाईट वाटायचं. घरी परतल्यावर तो किल्ली टेबलावर जरा जोरातच टाकायचा, तेवढाच आवाज.

त्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता तो 'सिने अल्बा'च्या बंद दारासमोर छपराच्या सावलीत उभा होता. छत गळतं म्हणून थिएटर तीन वर्षं बंद होतं. कामगार येणार येणार म्हणता म्हणता दाराच्या कुलपाला गंज चढला होता. एवेलिओला तिथे काही काम नव्हतं. घरात करमत नाही म्हणून उभं राहायचं, इतकंच.

इतक्यात कापडी पिशवी घेतलेली एक बाई आली. साठी उलटलेली, चष्मा लावलेली. गावात ती त्याने कधी पाहिली नव्हती. तिने विचारलं, "रांगेत शेवटचं कोण?"

आता क्यूबात जन्मलेल्या माणसाला हा प्रश्न कुणी झोपेत विचारला तरी त्याचा हात वर जातो. एवेलिओचाही गेला. "मी."

"आणि तुमच्या पुढे?"

"माझ्या पुढे कुणी नाही."

"म्हणजे तुम्ही पहिले. बरं." बाई त्याच्या मागे उभी राहिली.

बाई, ही रांग नाही, मी नुसताच उभा आहे, असं तिथल्या तिथे सांगितलं असतं तर मामला तिथेच मिटला असता. तो सांगणारही होता. पण त्याने मागे वळून पाहिलं, तर ती शांतपणे उभी होती. तिला दूध उतू जाण्याची भीती नव्हती, फोन यायचा नव्हता. रांग सोडली तर नंबर जाईल, म्हणून ती कुठेही जाणार नव्हती. एवेलिओच्या तोंडाला पाणी सुटलं.

"सहज सांगतो हं," तो म्हणाला, "ओदालिस ब्रिंगास हे नाव कधी ऐकलंय?"

बाईने तोंड उघडलं.

"नाहीच ऐकलं असणार!" एवेलिओ म्हणाला, आणि त्याची गाडी सुटली.

दहा मिनिटांत मागे सात जण झाले. एक सायकलवाला थांबला. "काय आलंय?"

"अजून काही सांगितलेलं नाही," एवेलिओ म्हणाला. यात तसं पाहिलं तर खोटं काहीच नव्हतं.

"तेल असणार," सायकलवाल्याने स्वतःच ठरवलं आणि सायकल भिंतीला लावली. त्याच्या मागच्याने तेल ऐकलं, त्याच्या मागच्या बाईने साबणही जोडला. साडेदहाला रांग चौकातल्या औषधाच्या दुकानापर्यंत पोचली, आणि मग मिग्दालिया आली. गावात कुठेही रांग लागो, मिग्दालिया वही-पेन घेऊन हजर. तिला कुणी नेमलेलं नव्हतं. पण तिचा आवाज असा होता, की तिने नंबर दिला की माणूस तो घेऊन गप्प उभा राहायचा.

"आजोबा, तुम्ही नंबर एक! नाव?"

"एवेलिओ रोके. हे बघ मिग्दालिया, खरं सांगायचं तर..."

"खरं नंतर सांगा, राजा. आधी नंबर. तुमचं काय हो बाई?"

"सोराइदा," चष्म्यातली बाई म्हणाली. "नंबर दोन. मला या आजोबांना एक विचारायचं होतं..."

"विचारा, विचारा, दिवस आपलाच आहे!" म्हणत मिग्दालिया नंबर तीनकडे गेली. एवेलिओने ती संधी साधून 'रविवारची पाहुणी' सुरू केला.

आणि तिथून खरी पंचाईत सुरू झाली. मिग्दालिया साठ नंबर लिहून परत आली, तरी हा माणूस सिनेमाच सांगत होता. तिने डोळे बारीक केले. माल काय आलाय ते विचारलं की हा सिनेमावर जातो. सकाळपासून पहिला येऊन उभा आहे. म्हणजे याला आतली बातमी आहे, पण उघड बोलायची चोरी आहे!

"अगं, मी ओळखते असली माणसं," ती नंबर बाराच्या कानात म्हणाली. "सरळ सांगितलं तर ज्याने बातमी दिली त्याची नोकरी जाईल. म्हणून आडून सांगतोय. नीट ऐका!"

झालं! रांग मोडून तीस-चाळीस माणसांचं कोंडाळं एवेलिओभोवती जमलं. सायकलवाला, पाववाली, ज्याला मायामीहून फोन यायचा असायचा तो, आणि चर्चमध्ये लपणारासुद्धा! आयुष्यात पहिल्यांदा एवेलिओच्या प्रत्येक शब्दाला कान टवकारले गेले.

"मिठाच्या गोदामातली म्हणालात," पाववालीने विचारलं. "म्हणजे मीठ?"

"छे गं, मीठ नुसतं नावात! तो प्रसंग स्वयंपाकघरातला आहे."

"स्वयंपाकघर!" मागे कुजबुज झाली.

"हिरॉइन रडत आत येते. आता सगळे तिच्याकडे बघणार. पण ओदालिस बघतच नाही! मान खाली घालून आपलं काम करत बसते."

"काम म्हणजे काय करते?" सायकलवाल्याने विचारलं.

एवेलिओला भरून आलं. चाळीस वर्षांत ओदालिस ब्रिंगास त्या प्रसंगात काय करते, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. "सोलत बसते," तो म्हणाला.

"काय सोलत? आजोबा, स्पष्ट बोला. लहान पोरं आहेत घरी."

ओदालिस कच्ची केळी सोलत होती. एवेलिओला ते ठाऊक होतं. पण केळी म्हटल्याबरोबर हे सगळे चेहरे कसे पडतील, तेही त्याला दिसत होतं. केळ्यांसाठी कोण उभं राहतं? एक एक जण घड्याळात बघेल, आणि पाच मिनिटांत छपराखाली तो एकटा उरेल. त्याने खाली पाहिलं, वर पाहिलं आणि घसा खाकरला.

"कोंबडी," तो म्हणाला. "कोंबडी साफ करत बसते."

"कोंबडी!" मिग्दालिया ओरडली, आणि चौकभर "कोंबडी, कोंबडी" होत गेलं. सोराइदाने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि एवेलिओकडे टक लावून पाहिलं. "अहो, पण..." ती म्हणाली. तिचं कोण ऐकतो! सगळी गर्दी आपापल्या नंबराकडे धावली होती.

एवेलिओचं मात्र धाबं दणाणलं. रांग आता दोनशेवर गेली होती. कोंबडी नाही हे कळलं, तर लोक त्यालाच सोलतील, यात शंका नव्हती. पण जिवाच्या भीतीपेक्षा त्याला दुसरंच काही खात होतं. त्याने ओदालिसच्या हातात नसलेली कोंबडी दिली होती. कधी कुणी तिचं ऐकून घेतलं नाही, आणि आज ऐकलं तर हे असं! त्याला स्वतःची लाज वाटली. सांगून टाकावं, असं त्याने तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा कुणीतरी "काय म्हणताय नंबर एक?" म्हणून प्रेमाने खांद्यावर हात ठेवला. त्याच्या खांद्यावर बऱ्याच दिवसांत कुणी हात ठेवला नव्हता.

बाराला मोटरसायकलवरून व्यापार कचेरीचा साहेब ओस्मानी आला. "कॉम्रेड, ही रांग कशाची?"

"ऐका!" मिग्दालियाने कमरेवर हात ठेवले. "आम्हाला विचारतायत! कोंबडीची, साहेब. आणि ट्रकला एवढा उशीर का, ते तुम्ही सांगा."

ओस्मानीला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. पण दोनशे माणसांसमोर तसं कबूल करणारा साहेब अजून जन्माला यायचाय. "चौकशी करतो," म्हणून तो कोपऱ्यात गेला आणि वरच्या साहेबाला फोन लावला. वरच्या साहेबालाही माहीत नव्हतं. पण खालच्याला ठाऊक आहे आणि आपल्याला नाही, हे बरं दिसेना, म्हणून तोही "बघतो" म्हणाला. असे चार फोन झाले. प्रत्येकाला वाटलं, हुकूम आपल्या वरून सुटलाय आणि कागद आपल्याकडूनच हरवलाय. शेजारच्या गावाला निघालेला एक ट्रक घाईघाईने वळवण्यात आला. सव्वा वाजता तो 'सिने अल्बा'समोर उभा राहिला. त्यात बर्फात गोठलेल्या कोंबडीच्या तंगड्या होत्या, माणशी एक पुडा.

एवेलिओचा जीव भांड्यात पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "वा, नंबर एक!" कुणीतरी कुलूप तोडलं आणि तिकिटाच्या खिडकीतून वाटप सुरू झालं.

"नंबर एक! पुडा घ्या आणि बाजूला व्हा!" मिग्दालिया गरजली.

"घेतो. पण तो प्रसंग अर्धा राहिला. ओदालिस पुढे..."

"आजोबा, बाजूला! नंबर दोन!"

पहिला असल्यामुळे त्यालाच सगळ्यांत आधी रांगेबाहेर जावं लागलं. एका मिनिटापूर्वी त्याचा शब्द झेलणारी माणसं आता त्याच्या डोक्यावरून खिडकीकडे बघत होती. तो पाववालीजवळ गेला. "सहज सांगतो हं, ते कोंबडीचं मी..." पाववाली म्हणाली, "काका, आता कशाला? आली ना कोंबडी!" तो सायकलवाल्याकडे गेला. सायकलवाल्याने पुडा हँडलला अडकवला आणि बर्फ वितळायच्या आत पायडल मारलं. एवेलिओ गार पुडा पोटाशी धरून छपराच्या टोकाला उभा राहिला. एकट्या माणसाला एवढ्या तंगड्या किती दिवस पुरतील, याचा विचारही त्याला नकोसा झाला. त्याला सरळ रडू येत होतं.

"केळी होती ती."

त्याने वळून पाहिलं. पुडा कापडी पिशवीत घालून सोराइदा त्याच्या पुढ्यात उभी होती, आणि ती चांगलीच चिडलेली दिसत होती.

"काय?"

"कच्ची केळी सोलत होती ओदालिस ब्रिंगास. कोंबडी म्हणे! शरम नाही वाटत? आणि मान वर न करता तिने पायानेच खुर्ची पुढे सरकवली, रडणाऱ्या वहिनीला बसायला. सगळं काम त्या खुर्चीत होतं तिचं. ते राहिलं बाजूला, आणि हे कोंबडी सांगत बसले!"

पायाने खुर्ची सरकवली! ही गोष्ट एवेलिओने कधी कुणाला सांगितली नव्हती. त्याचं सांगणं तिथवर पोचायच्या आत लोक निघून जायचे. "तुम्ही... तुम्ही पाहिलाय तो?"

"सान्ता क्लाराला तीनदा. तिसऱ्या वेळी नवरा म्हणाला, आता तू एकटीच जा. गेले."

"मग सकाळपासून बोलला का नाहीत?"

"बोलू दिलंस तू?" सोराइदाचा आवाज चढला, आणि तुम्हीचं तूही झालं. "चार वेळा तोंड उघडलं मी, चार! बहिणीचं घर सांभाळायला इथे आले, त्याला दोन महिने झाले. या गावात कुत्रंसुद्धा ओळखत नाही मला. शेवटी एक माणूस भेटला ज्याला ओदालिस माहीत आहे, तर तो श्वास घ्यायला थांबेना!"

एवेलिओने माफी मागायला तोंड उघडलं.

"थांब! माझं संपू दे. तुझी ओदालिस चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण तू तिचं जरा जास्तच कौतुक करतोस. त्याच सिनेमात हॉस्पिटलातली नर्स आठवते? एउलालिया पोर्तेस! नाही ना आठवत? एकच प्रसंग, आणि तोही कॅमेऱ्याकडे पाठ करून. पण काय रडलीय ती! नुसत्या पाठीने!"

एवेलिओला नर्स आठवत नव्हती. हा सिनेमा त्याने अकरा वेळा पाहिला होता, आणि त्यात एक नर्स त्याच्या नजरेतून सुटली होती. तो तसाच उभा राहिला. पुड्यातलं पाणी त्याच्या इस्त्रीच्या शर्टावरून पँटवर आणि पँटवरून बुटात उतरत होतं.

तीन वाजले. ट्रक गेला, ओस्मानी गेला, चौक मोकळा झाला. वही मिटून घरी निघालेली मिग्दालिया दोघांना बघून थांबली.

"अहो आजोबा, अजून इथेच? कोंबडी खराब होईल ना! घरी जा."

"शू!" एवेलिओ तोंडावर बोट ठेवून म्हणाला. "गप्प बस जरा. नर्सचं चाललंय."