पदर वर, पाटी बाहेर

साहेब, ही फजिती तुमची करणी आहे. गार खोलीत बसून तुम्ही फर्मान काढलंत: सहा वर्षांखालच्या लेकरांच्या हातात पाटी देऊ नका, खेळू द्या. फर्मान बरोबरच होतं. पण ते लेकरांच्या आज्या-आजोबांना पटवायचं कुणी? ते लोढणं करमाडजवळच्या वस्तीवरच्या साळूबाईच्या गळ्यात बांधलंत आणि मोकळे झालात.

साळूबाई अंगणवाडी सेविका. फर्मान आलं तशी तिनं लेकरं चिखलाची भांडी करायला बसवली. लगेच नानासाहेब दारात. नात्यानं चुलतसासरे, वस्तीत वजनदार माणूस.

"काय गं साळू, चिखलच तुडवायचा तर आमचं वावर काय वाईट हाय? उद्यापासून नातू इंग्लिश शाळेच्या गाडीत बसतो. समदी गल्ली त्याच्यामागं जाती का नाय बघ!"

गल्ली गेली की अंगणवाडी बंद, साळूबाई घरी. तिनं मुकाट्यानं पाट्या काढल्या. पण पर्यवेक्षिका प्रमोदिनी मॅडमना पाटी दिसली तरी नोकरी जाणारच. मग नानासाहेब आले की पाट्या, मॅडम आल्या की खेळ, असं सुरू झालं.

लेकरं बिलंदर. त्यांनी खूण आपली आपणच हेरली. सासऱ्यासमोर बाई पदर डोक्यावर घेतात, मॅडमसमोर कमरेला खोचतात. पदर वर गेला की पाट्या बाहेर, खाली आला की सतरंजीखाली.

आणि एक दिवस दोघंही एकदमच उगवले.

"या मॅडम," म्हणत साळूबाईनं पदर खोचला. पाट्या गडप. मागून नानासाहेब खाकरले. पदर डोक्यावर. पाट्या बाहेर! मॅडमच्या भुवया चढल्या. साळूबाईनं घाबरून पदर ओढला.

"आरं, पाट्या कुठं गेल्या?" नानासाहेब ओरडले.

पदर पुन्हा वर. लेकरं खिदळायला लागली. "बाई, आनखी! बिगी बिगी करा ना!" नानासाहेबांचा नातू तर पाटीसकट सतरंजीखाली शिरला.

"साळूबाई, काय चाललंय हे?"

"खेळ हाय, मॅडम."

"कुणी शिकवला?"

"त्यांचा त्यांनीच काढला जी." एवढं मात्र सोळा आणे खरं होतं.

मॅडमनी मोबाइल काढून व्हिडिओ घेतला. "निरीक्षण, चपळाई, एकाग्रता! वयाला साजेसं शिक्षण ते हेच!"

"अन् पाटीबी हाय," नानासाहेब म्हणाले. "ऱ्हाऊ द्या नातवाला हितंच."

साळूबाई भिंतीला टेकली. सुटले बाई एकदाची.

कशाची सुटते? मॅडमचा व्हिडिओ तुमच्यापर्यंत पोचला आणि आठवड्यात नवं फर्मान: हा खेळ सर्व अंगणवाड्यांत रोज घ्यावा, व्हिडिओ पाठवावा. पंजाबी ड्रेसवाल्या सेविकांनी ओढणी वापरावी. मागे पडणाऱ्या मुलांचा जादा सराव घ्यावा.

आता साळूबाईचा खांदा भरून येतो आणि लेकरं जांभया देतात.

"बाई, बास की. चिखलात जाऊ का?" नानासाहेबांच्या नातवानं आत्ताच विचारलं.

"थांब रं. व्हिडिओ नीट आला नाय."

साहेब, पोरगं दाराकडं बघत बसलंय. जाऊ द्यायचं का नाही? फर्मान नको. व्हय की नाय, तेवढं बोला.