सोयरीक मोडणारे कानडे सर

लग्नपत्रिका हातात पडली की कानडे सर मुहूर्त बघत नसत. वधूच्या आईचं माहेर विचारत. मग पत्रिकेच्याच पाठीवर लाल पेनानं दोन्ही घरांची वंशावळ काढत. देवासच्या आमच्या कॉलनीत लोक त्यांना पत्रिका द्यायलाच घाबरायचे.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. भाजीवाल्यालाही धरून सांगायचे, "भिया, तुझ्या एकेका पेशीत हेलिकेज बैठा है! आरएनएचे गुंते सोडवणारं प्रथिन ते, म्हणून तू उभा आहेस." तो बिचारा "जी साब" म्हणत मूठभर मिरच्या जास्त घालायचा.

माझी लेक माधुरी नणंदेच्या मुलाला द्यायची ठरली. शेजारच्या भाभींनी "हाय राम, भाई-बहन में?" म्हणून तोंडावर हात ठेवला. मी हसले. आमच्यात चालतं, म्हटलं.

आणि ऐन साखरपुड्यात सर उठले! "थांबा! आधी डॉक्टरला विचारा. हेलिकेजच्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. एक बिघडली तरी दुसरी निभावते. पण नात्यात लग्न झालं की दोन्हीकडून तीच बिघडलेली येऊ शकते. मग तोल सांभाळणाऱ्या मेंदूतल्या पेशी मरतात. पोर चालता चालता पडतं!"

शुभकार्यात हे बोलणं! माझ्या अंगावर काटाच आला. नणंद कडाडली, "तुम्ही नाही केलीत सख्ख्या मामाची मुलगी?"

सर पेढा तसाच ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तणतणत त्यांच्या घरी गेले. चांगलं फैलावर घ्यायचं होतं. दार उघडंच होतं. आत सुमनताई, सरांची बायको, मुलीची वेणी घालत होत्या. अगं बाई, ही नंदा? ही तर धारला मावशीकडे शिकते, असं सर दोन वर्षं सांगत होते! मला बघून पोरगी उठली, तिनं भिंत धरली, तरी पाय लटपटलेच. सरांनी धावत येऊन तिला बसवलं.

सुमनताई हळूच म्हणाल्या, "मुंबईहून रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा कळलं. तेच ते यांचं हेलिकेज. मी रात्रंदिवस स्वतःला दोष देत होते हो. पण हे म्हणाले, दोष सगळा माझ्याकडचा. आईकडून यात काही येत नाही."

मी चाटच पडले. काल भर साखरपुड्यात यांनी काय सांगितलं होतं? सरांकडे पाहिलं. ते बायकोच्या मागे उभे होते, आणि त्यांनी माझ्यासमोर हात जोडले होते.

"हो ताई," मी म्हणाले, "कालच समजावलं सरांनी आम्हाला. बापाकडूनच येतं."