भेगेचं अनुदान

बायकोच्या मंडळाचा अर्ज लिहून द्यायला मी बसलो, तिथून सगळं बिघडलं. माझं अक्षर चांगलं आहे. (पशुसंवर्धन खात्यात कारकून म्हणून देवणी जातीच्या वळूंची वर्णनं लिहिण्यात हयात गेली. वळूंनी कधी तक्रार केली नाही.) त्यामुळे सिंधूनं कागद पुढे ठेवला तेव्हा मी मोठ्या मनानं पेन उघडलं. मन मोठं होतं ते पहिल्या परिच्छेदापर्यंतच.

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लासेस निघाले होते. गावोगावची पोरंपोरी इथं खोल्या करून राहत आणि त्यांचे जेवणाचे डबे गावाकडून एसटीनं येत. औशाचा डबा गरम यायचा, निलंग्याचा कोमट. पण किनवटच्या पोरीला डबा येणार कसा? निघाला तरी पोहोचेपर्यंत भाजी आंबून जायची. सिंधूनं आणि शेजारच्या जोहराभाभींनी त्यावर एक युक्ती काढली. ज्यांचे डबे येतात त्यांच्या आयांनी आपल्या डब्यात एक भाकरी ज्यादा टाकायची. या दोघी स्टँडवरून डबे आणणार, आमच्या स्वयंपाकघरात गरम करणार, आणि ज्यादा भाकऱ्यांवर लांबच्या गावच्या पोरी जेवणार. वरण आमचं. नावही तसंच ठेवलं, ज्यादा भाकरी महिला मंडळ.

काम वाढलं तसं मंडळाचं नाव झालं. पेपरात फोटो आला. रस्त्यात ज्या माणसांनी मला वीस वर्षांत ओळख दिली नव्हती, ती थांबून विचारू लागली, "तुम्ही सिंधुताईंचे मिस्टर ना?" आमच्या साहेबांनी तर मला खुर्ची दिली आणि सिंधुताईंना नमस्कार सांगायला सांगितला. मला खुर्ची मिळाल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण मला हेवा वाटला, सरळ सांगतो. लग्नात हिला सगळे शेषेरावांची बायको म्हणत होते, आणि तीच व्यवस्था मला बरी वाटत होती.

आता पोरी इतक्या वाढल्या होत्या की ज्यादा भाकऱ्या पुरत नव्हत्या. किनवटची आरती बारावीला होती, हुशार होती, पण वडिलांनी निरोप धाडला होता की खायचे हाल असतील तर परत ये. पुण्याचा एक ट्रस्ट छोट्या संस्थांना अनुदान देतो असं सिंधूला कळलं. ते मिळालं तर मोठी शेगडी आणि धान्य येणार होतं. नाही मिळालं तर आरती आणि तिच्यासारख्या आणखी काही जणी परीक्षेआधीच बॅगा भरणार होत्या.

हे सगळं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. अध्यक्षा : सौ. सिंधू, असं लिहिताना मात्र पेन अडखळलं. अध्यक्ष म्हणून आपलं नाव कसं दिसेल, हे बघायला मी कोऱ्या कागदावर ते एकदा लिहून पाहिलं. फार छान दिसलं.

महिन्याभरात मी माझी स्वतःची संस्था काढली. भूकंपस्मृती बहुउद्देशीय विकास संस्था. उद्देशांत भूकंपग्रस्त, विद्यार्थी, वृद्ध, गोवंश आणि निर्धूर चूल एवढे सगळे घेतले होते. (काम कुठलंच नव्हतं, म्हणून उद्देशांना भरपूर जागा होती.) ऑफिसातला शिपाई लिंबाजी सभासद झाला, बाकीचे त्यानं गोळा केले. सिंधूला काही सांगितलं नाही. तोवर दाबून ठेवलेला तिचा अर्ज पोस्टात टाकला, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझाही टाकला.

ट्रस्टच्या मॅडम रविवारी बाराला पाहणीला येणार, असं दोन्ही संस्थांना कळवण्यात आलं. सिंधूचं पत्र मीच तिला वाचून दाखवलं आणि बाराचा दीड केला. माझा बेत असा, की मॅडमना आधी दर्शनी खोलीत माझी संस्था दाखवायची आणि मग गल्लीला वळसा घालून मागच्या दारानं सिंधूकडे न्यायचं. नवरा-बायकोत एका भिंतीचं अंतर असलं की पुरे.

माझ्या संस्थेत दाखवायला एकच गोष्ट होती, ती म्हणजे भेग. भूकंपात आमच्या मधल्या भिंतीला गेलेली भेग मी जपून ठेवली होती. तेव्हा पाहणीला आलेला एक इंजिनियर सांगून गेला होता, "लिंपू नका, वरून दुसरी टीम येणार आहे." सगळ्या गल्लीनं लिंपून टाकलं. मी टीमची वाट पाहत राहिलो. सिंधूनं त्यावर कॅलेंडर लावलं होतं, तेवढं मी काढलं. पण इतक्या वर्षांत भेगेची रया गेली होती. पुण्याच्या माणसाला ती नीट दिसली नसती. म्हणून शनिवारी बायका स्टँडवर गेल्यावर मी पहार घेतली आणि भेग थोडी ठळक केली.

"साहेब, लई झालं आता," लिंबाजी म्हणाला.

"भूकंप काय थोडा झाला होता का?" मी म्हणालो आणि आणखी दोन विटा हलवल्या.

रविवारी मॅडम आल्या. मी फेटा बांधून उभा होतो. शाल झाली, नारळ झाला, हार झाला, लिंबाजीनं माझा परिचय करून दिला तो संपता संपेना. मॅडमनी घड्याळ पाहिलं. राहिलं होतं फक्त फलकाचं अनावरण. अनावरण म्हटलं की पडदा आणि दोरी आलीच, त्याशिवाय आपल्याकडे पाण्याच्या टाकीचंही उद्घाटन होत नाही. भेगेच्या बरोबर वर संस्थेचा फलक होता, त्यावर सिंधूची जुनी साडी, आणि दोरी शेजारच्या खुंटीला बांधलेली.

मॅडमनी दोरी ओढली. पडदा हलला नाही.

"द्या इकडं, मी वडतो," असं म्हणून लिंबाजीनं पाय रोवून हिसका दिला. पडदा तसाच राहिला. खुंटी आली. खुंटीबरोबर वीट आली, विटेबरोबर तिचे सगेसोयरे आले, आणि बघता बघता भिंतीत म्हैस जाईल एवढं भगदाड पडलं. माझा फलक विटांखाली गेला.

धूळ बसली तेव्हा पलीकडे स्वयंपाकघरात सिंधू भाकरी थापत होती. जोहराभाभींनी वरणाच्या पातेल्यावर पदर धरला होता. पोरी पंगतीला बसल्या होत्या, आणि आरतीचा घास हातातच राहिला होता.

सिंधूनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अहो, फेटा बांधून काय करून राहिलात?"

"भाईसाब, शादी कुणाची हाय?" जोहराभाभींनी विचारलं.

तेवढ्यात मॅडम गळ्यातल्या हारासकट भगदाडातून पलीकडे गेल्यासुद्धा. पोरींच्या शेजारी मांडी घालून बसल्या. कुठल्या गावची भाकरी कुठली, हे जोहराभाभींनी त्यांना ओळखून दाखवलं. मॅडमनी वरण दुसऱ्यांदा मागून घेतलं. माझा नारळ त्या खुर्चीवरच विसरल्या होत्या. एवढ्या धुळीतही मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हेच, की माझ्याकडे एवढा वेळ त्या हसल्यासुद्धा नव्हत्या.

हात धुऊन मॅडम म्हणाल्या, "सिंधुताई, काम फार आवडलं. पण अडचण आहे. एका घरातून दोन संस्थांचे अर्ज आले की आम्ही दोन्ही बाद करतो. फार वाईट अनुभव आहेत."

"दोन?" सिंधू म्हणाली. "दुसरी कोणाची?"

लिंबाजी प्रामाणिक माणूस. त्यानं विटा बाजूला करून फलक वर धरला. त्यावर माझं नाव संस्थेच्या नावापेक्षा मोठं होतं.

सिंधू रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं आरतीकडे पाहिलं. आरतीनं ताट खाली ठेवलं होतं आणि ओढणीनं तोंड पुसत होती, जेवण झाल्यासारखं. तिच्या ताटात अर्धी भाकरी तशीच होती. माझ्या पोटातला हेवा त्या भाकरीपुढे फार लहान वाटू लागला, आणि मला स्वतःची लाज वाटली.

"ती संस्था बरखास्त झाली," मी म्हणालो.

"कधी?" मॅडमनी विचारलं.

"आत्ता. भिंतीबरोबर."

"न्हाई साहेब, असं कसं?" लिंबाजी म्हणाला. "मला खजिनदार करतो म्हणले होते की."

मी फेटा काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. तेवढ्यावर त्यानं राजीनामा दिला. मॅडमनी लेखी मागितला तोही दिला, म्हणजे मीच लिहिला, त्यानं सही केली. त्याच कागदावर खाली मी माझा अर्जही मागे घेतला.

"आणि हे भगदाड?" मॅडम म्हणाल्या.

मी तोंड उघडण्याआधी सिंधू म्हणाली, "पोरी वाढल्या ना, तिकडच्या खोलीत पंगत बसवायची तर मधून ताटं द्यायला जागा पाहिजे होती. कवाची मागं लागले होते ह्यांच्या. पाडली एकदाची."

मॅडमनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी छाती थोडी पुढे काढली. त्या म्हणाल्या, "खरंच सिंधुताई, नशीबवान आहात." माझ्या कर्तबगारीचं श्रेयसुद्धा हिच्या नशिबाला गेलं.

अनुदान मिळालं. शेगडी आली, धान्य आलं, आरतीच्या वडिलांना उलटा निरोप गेला. माझी दर्शनी खोली जेवणाची खोली झाली आणि भगदाडाला चौकट बसून ताटं द्यायची खिडकी झाली. सिंधूनं मला शिक्षा अशी काही केली नाही. फक्त जेवायची पद्धत ठरवली. आधी ज्यांना डबा येत नाही त्या पोरी, मग बाकीच्या, मग मंडळाच्या बायका, आणि काही उरलं तर घरची माणसं. घरचं माणूस मी एकटाच.

परवा असाच ताट घेऊन रांगेच्या शेवटी उभा होतो. खिडकीतून सिंधू एकेकीला आग्रहानं वाढत होती, आरतीला तर तूपसुद्धा. मला तूप नाही, डॉक्टरांनी नको म्हटलंय असं ती म्हणते. मी ते तूप बघत होतो, तेवढ्यात पुढची पोरगी वळली. अर्धापूरची होती, त्याच आठवड्यात आलेली. तिनं माझा चेहरा बराच वेळ न्याहाळला.

"काका, नवीन हाव का?" तिनं हळूच विचारलं. "सुरुवातीला लई आठवण येती घरची. महिनाभरात सवय होती बघा."