करोडगिरी नाक्यावरचं गिऱ्हाईक

दुकानात दुकानदार नसला तर माल चोरीला जाईल, एवढीच धास्ती उजागरे सरांना होती. माल वाढेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. पण मंगळवारी सकाळी ते तिठ्यावर आले, तेव्हा सुपातली लिंबं आदल्या दिवसापेक्षा चांगली दुप्पट झाली होती. शेजारी एक नारळ होता. नारळ सरांनी ठेवलाच नव्हता. त्यांनी गल्ल्याची पेटी उचलून कानाशी हलवली. आत काहीच वाजलं नाही.

प्राध्यापक योनाथान उजागरे कुरुंदा गावाच्या अलीकडच्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या मुलांना व्यापारशास्त्र शिकवत. रविवारी चर्चमध्ये एक माणूस आणि सोमवारी दुकानात दुसराच, हे त्यांना लहानपणापासून पटत नसे. ख्रिस्ती श्रद्धा आणि व्यापारशिक्षण यांची सांगड कशी घालायची यावर त्यांनी पीएच.डी. केली होती आणि त्याच जोरावर कॉलेजात एक नवा विषय सुरू करून घेतला होता. त्या विषयावर त्यांचा जीव होता. पहिल्याच तासाला ते फळ्यावर लिहीत, "दुकानदार बघत नसताना गिऱ्हाईक जे करतं, ती त्याची खरी श्रद्धा." मुलं ते वाक्य वहीत उतरवून घेत आणि खाली दुहेरी रेघ मारत.

प्राचार्य वैजनाथरावांना मात्र त्या विषयाचा उबग आला होता.

"सर, पोरांना जीएसटी येईना, अन् तुमी प्रार्थना शिकवून राहिले."

"प्रार्थना नाही, साहेब. सचोटी."

"किती मार्काला हाय ती?"

वैजनाथरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा निघाला की निकाल लागला, हे सगळ्या स्टाफला ठाऊक होतं.

"असं करा. फळ्यावर लिहिता ना, तसं बिनदुकानदाराचं दुकान मांडा. शनिवारपर्यंत मला एक गिऱ्हाईक दाखवा, कुनी बघत नसताना इमानानं पैसे टाकून गेलेलं. एकच. न्हाई भेटलं तर इषय बंद. जूनपासून तुमी निस्ता जीएसटी शिकवायचा."

सरांनी आनंदानं होकार दिला आणि दुकान अगदी शास्त्रोक्त मांडलं. दुकान रस्ते मिळतात तिथं असावं, असं पुस्तकात होतं, म्हणून त्यांनी कॉलेजजवळचा तिठा निवडला. माल स्थानिक असावा, म्हणून या भागातली हळद. स्वतःच्या झाडाची लिंबं. पत्नी रुपाच्या कोंबड्यांची अंडी. एका विद्यार्थ्यानं लाल मिरच्या दिल्या. माल लांबून दिसावा म्हणून सगळं सुपात रचलं आणि टेबलावर नाताळातलं लाल कापड अंथरलं. प्रत्येक लिंबावर स्वतःच्या हातानं 'रु. ५' असं लेबल चिकटवलं, शेजारी कुलूप लावलेली पेटी ठेवली आणि सोमवारी दुकान उघडलं. त्या दिवशी अमावस्या होती, पण सरांच्या कॅलेंडरवर अमावस्या दाखवत नसत.

मागे एक पडकी दगडी खोली होती. तिला छप्पर नव्हतं, पण दाराची चौकट शाबूत होती. जुने लोक तिला करोडगिरी नाका म्हणत. निजामाच्या राज्यात येणाऱ्याजाणाऱ्या मालावर तिथं जकात घेत. टेबलावर दुपारची सावली राहील, एवढाच तिचा उपयोग सरांना दिसला.

कॉलेजच्या व्हरांड्यातून सर दुकानावर नजर ठेवून राहिले. मोटारसायकली तिठ्याजवळ आल्या की हॉर्न न वाजवता मागे फिरत. एका बैलगाडीवाल्यानं गाडी सरळ रस्त्याखाली घातली आणि काढणी झालेल्या शेतातून वळसा घेतला. एका बाईनं कडेवरच्या लेकराचे डोळे पदरानं झाकले आणि ती मान खाली घालून झपझप निघून गेली. कुणी काही बोलत नव्हतं. हळद काढायचे दिवस होते. शेताशेतांत कढयांखाली जाळ पेटले होते आणि शिजत्या हळदीची वाफ संध्याकाळी रस्त्यावर उतरे. त्या पिवळट वाफेत लाल टेबल तेवढं दिसे.

आणि रोज सकाळी माल वाढलेला असे. कणकेचा एक विझलेला दिवा आला. कुंकू लावलेली लिंबं आली. बुधवारी टेबलाच्या पायाला एक काळी कोंबडी बांधलेली होती. ती सरांकडे एका डोळ्यानं बघत राहिली.

सरांनी वर्गात विचारलं, "ही सजावट कुणी केली?"

वर्ग निम्मा रिकामा होता. पुढच्या बाकावरची ऐश्वर्या उभी राहिली.

"सर, आमी न्हाई. आमी तर तिकडं बघत बी न्हाई."

"काहून?" सरांच्या तोंडूनही तिथली बोली निसटली.

ऐश्वर्या खाली बसली. मागून रत्नपाल म्हणाला, "सर, मी असलं काही मानत न्हाई. एकदम अंधश्रद्धा हाय."

"कसलं असलं? आणि तू मग रोज तिठ्यावरून येतोस ना?"

"न्हाई सर. मी कॅनॉलवरून येतो. जवळ पडतं." कॅनॉलचा रस्ता तिपटीनं लांब होता.

गुरुवारी जेवताना सर भारावून म्हणाले, "रुपा, मला वाटतं तिथं काहीतरी घडतंय. आपण ठेवलं थोडं, आणि ते वाढतंच आहे. प्रभूच्या मनात असेल तर..."

"काय काय वाढलंय?" रुपानं भाकरी वाढता वाढता विचारलं.

"लिंबं. नारळ. एक कोंबडी. आज एक छोटी काळी कापडी बाहुली होती. तिला टाचण्या लावल्या होत्या. शिवणकामाची असेल."

रुपाचा हात थांबला. ती आखाडा बाळापूरची होती. वडील चर्चचे वडीलधारी, पण शेजार सगळा गावच्या रीती पाळणारा.

"अहो, तिठ्यावर सुपात लिंबू, मिरची, हळद, अंडी ठेवली तुम्ही? लाल कपड्यावर? सोमवारी? अमावस्येला?"

"हो. का?"

"ते दुकान नव्हे हो! उतारा मांडलाय तुम्ही! कुणाची बाधा काढून टाकतात ना, तो! अन् तोही टेबलावर! एवढा मोठा उतारा जिल्ह्यात कुणी बघितला नसेल. लोक आता आपापले उतारे त्यात आणून ठेवायलेत."

सरांच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. मिशनच्या बोर्डिंगात वाढलेल्या आणि नंतर पुण्यात शिकलेल्या माणसाला लिंबू म्हणजे सरबत, एवढंच ठाऊक होतं. त्यांना आधी लाज वाटली, मग हसू आलं. आणि मग त्या बाहुलीला आपण हातानं उचलून नीट बसवलं होतं हे आठवून त्यांनी हळूच पँटला हात पुसले.

शुक्रवारी त्यांनी जवळच राहणाऱ्या जनकाबाईंना गाठलं. त्या सुपात एक लिंबू ठेवून मागे न बघता निघाल्या होत्या.

"मावशी, थांबा. हे दुकान आहे. यातलं घ्यायचं असतं."

जनकाबाईंनी कानाला हात लावला. "घ्यायचं? ह्याच्यातलं? लेकराचा ताप उतरंना म्हून ठिवलं म्या, अन् तुमी घ्या म्हनता?"

"डॉक्टरांकडे नेलं का त्याला?"

"नेलं की. सुई बी दिली, ह्ये बी केलं. येका बैलानं गाडी चालती व्हय?" मग त्या जवळ सरकल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "पर सर, तुमी जागा लय जालीम धरली. हितं मुन्शी ऱ्हातो."

"कोण मुन्शी?"

"करोडगिरीचा. निजामाच्या टायमाचा. नाक्यावरच बसल्या जागी मेला म्हनं. लय हिशेबी मानूस. फुकट कुनाचं घेतलं न्हाई अन् कुनाला सोडलं बी न्हाई. अजून माल दिसला की येतो बघायला." त्यांनी छप्पर नसलेल्या खोलीकडे न बघता तिकडे मान हलवली. "गाडीवाल्याला नुस्तं खाकरल्यावानी ऐकू येतं."

असल्या गोष्टींवर सरांचा विश्वास नव्हता. तसं त्यांनी जनकाबाईंना सांगितलंही, फक्त जरा हळू आवाजात.

मुन्शीपेक्षा मोठं संकट पुढं होतं. सकाळी प्राचार्य स्वतः येऊन पेटी उघडायला लावणार होते. सरांनी मुलांना विनवण्या केल्या, कुणीतरी एक लिंबू घ्या रे. मुलं म्हणाली, सर, जान मागा, लिंबू मागू नका. एवढ्या वर्षांची पीएच.डी., हौसेनं उभा केलेला विषय, सगळं एका लिंबावर येऊन अडलं होतं. सरांचं मन फार खट्टू झालं.

दिवस मावळताना ते दुकान आवरायच्या निमित्तानं तिठ्यावर गेले. वाफ खाली उतरली होती. रस्ता कुठून येतो आणि कुठं जातो ते कळत नव्हतं. लांब कुठंतरी कढईखालच्या जाळाचा तांबडा ठिपका होता, बाकी सगळं पिवळं आणि गप्प.

सरांनी खिशातून दहाची नोट काढली.

नोट आपलीच. लिंबूही आपलंच. यात फसवलं कुणाला? एक नोट पेटीत गेली तर विषय वाचतो, मुलं सचोटी शिकतात, म्हणजे शेवटी भलंच होतं. सरांना स्वतःचा युक्तिवाद इतका बिनचूक वाटला की त्यांना घाम फुटला. प्रार्थना करावी असं मनात आलं, पण या कामासाठी प्रार्थना करायची तरी कोणत्या तोंडानं? त्यांनी चारही बाजूंना पाहिलं. कुणी बघत नव्हतं. नोटेची घडी घालून त्यांनी पेटीच्या फटीशी नेली.

मागं कुणीतरी खाकरलं.

सर वळले. चौकटीत कुणी नव्हतं. वाफ आतून बाहेर येत होती, एवढंच. त्यांनी पेटी उचलून छातीशी धरली. आत काहीतरी वाजलं.

किल्ली लागायला बराच वेळ गेला. आत एकच नाणं होतं, जड आणि थंड. त्यावर चारमिनार कोरलेला होता. सरांनी सुपाकडे पाहिलं. त्यांची लेबलवाली लिंबं जशी रचली होती तशीच होती, फक्त मधलं एक नव्हतं. त्याची गोल जागा रिकामी होती आणि भोवतालची लिंबं तसूभरही हलली नव्हती. काळी कोंबडी डोळे मिटून बसली होती.

नोट खिशात कोंबून सर धावत सुटले. ज्यांनी पाहिलं ते म्हणतात, उजागरे सरांना एवढं धावता येतं हे कॉलेजला माहीतच नव्हतं.

सकाळी वैजनाथरावांनी नाणं तळहातावर घेतलं आणि उलटसुलट केलं.

"निजामाचा हाली रुपया! आमच्या आजोबाजवळ होते असे. सर, ह्यो बाजारात चालत न्हाई आता. कोन गिऱ्हाईक होतं हे?"

"मी पाहिलं नाही, साहेब. पण लिंबू नेलं आणि पैसे टाकले."

"तुमी तर न्हाई ना टाकला?"

"मी काहीही टाकलेलं नाही," सर म्हणाले. हे शब्दशः खरं होतं, आणि ते शब्दशः खरं आहे हे सरांना फार टोचलं.

वैजनाथरावांनी एकवार नाक्याच्या चौकटीकडे पाहिलं. मग नाणं दोन बोटांच्या चिमटीत धरून अलगद पेटीत परत ठेवलं, चष्मा काढला आणि खिशातच टाकला.

"इषय चालू ठेवा. कायम." ते निघाले आणि चार पावलांवरून वळले. "एक सांगा सर. त्या गिऱ्हाइकाला मालाबद्दल काही तक्रार न्हाई ना?"

ही बातमी दुपारपर्यंत कुरुंद्यात पोचली. जनकाबाई घरून ओरडत आल्या, लेकराचा ताप उतरला म्हणून. तो सुईनं उतरला की लिंबानं, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. संध्याकाळी स्टाफनं सरांचा सत्कार केला. नारळ कुठला होता ते सरांनी विचारायचं टाळलं. भाषणात त्यांनी नेहमीचं वाक्य म्हटलं, पण अर्ध्यावरच आवरतं घेतलं.

रात्रीच्या जेवणाआधी रुपा धुण्याचे कपडे काढत होती.

"अहो, खिशात ही दहाची नोट कसली? धुऊन निघाली असती."

"असू दे. ठेव तिथं."

"अन् हिला लेबल काहून लावलंय?"

सरांनी नोट हातात घेतली. घडी घातलेल्या नोटेवर, बरोबर मधोमध, एक लेबल नीट दाबून चिकटवलेलं होतं. 'रु. ५'. अक्षर त्यांचंच होतं. असली लेबलं फक्त लिंबांवर होती, आणि लिंबू एकच कमी झालं होतं. नोट त्यांनी कुणाला दाखवली नव्हती आणि कुणाजवळ तिचा शब्दही काढला नव्हता. घाबरलेल्या हातांनी धडपडताना चिकटलं असेल, असं त्यांनी स्वतःला पुन्हा पुन्हा समजावलं. मग ते खुर्चीत बसले आणि रुपाला सगळं सांगून टाकलं. रुपानं ऐकून घेतलं आणि त्यांच्यासमोर चहा ठेवला.

सोमवारी वर्ग गच्च भरला होता. दुसऱ्या विषयांची मुलंही येऊन भिंतीला टेकून उभी होती. सरांनी फळ्यावर नेहमीचं वाक्य लिहिलं आणि डस्टरनं पुसून टाकलं. त्या जागी त्यांनी लिहिलं, "गिऱ्हाईक बघत नसताना दुकानदार जे करतो, ती त्याची खरी श्रद्धा."

ऐश्वर्यानं दुहेरी रेघ मारली आणि हात वर केला.

"सर, पण मग दुकानदारावर नजर कोन ठेवतं?"

सरांनी खिडकीतून तिठ्याकडे पाहिलं. टेबल त्यांनी कधीच हलवलं होतं. चौकट तेवढी उभी होती आणि तिच्यातून हळदीची वाफ बाहेर येत होती.

"हे परीक्षेला येईल," उजागरे सर म्हणाले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.