निम्मा साग, निम्मी अमेरिका

"सागाच्या फळीवर, बसे माहा बंधूराया,
ऊन गेलं पाया पडून, सावली आली पाय धुवाया..."

पांढरकवड्याच्या मोतीआत्याचा हा आवाज. जातं ओढताना तिनं म्हटलेली ओवी कमलाकरच्या कानात लहानपणी जी शिरली, ती पाटबंधारे खात्यातली सारी नोकरी सरली तरी बाहेर निघाली नाही. आणि नेमकी तीच त्या उन्हाळ्यात आडवी आली! कारण यवतमाळातल्या आपल्या गल्लीत कमलाकरनं छाती फुगवून जाहीर करून टाकलं होतं,

"जिल्ह्यातला पहिला डेक आपल्या घरी होणार! लिहून ठेवा!"

गल्लीनं काही लिहून ठेवलं नाही. डेक कशाशी खातात, हेच गल्लीला ठाऊक नव्हतं. मग कमलाकरनं खिशातून फोटो काढला. अमेरिकेतला मुलगा सलील, हातात कप, पायाखाली फळ्यांचा ऐसपैस माच, मागे हिरवीगार झाडी.

"हा आपल्या सलीलच्या घरचा डेक. सायंकाळी इथं बसायचं. बस्स, नुसतं बसायचं!"

"मंग आपण ओट्यावर काय उभे राह्यतो?" बायकोनं, शीलाबाईंनी, आतून विचारलं.

"तुले नाही समजणार! दिवाळीत पोरगा येऊन राह्यला, इतक्या वर्षांनी. त्याले आपलं घर परकं वाटाले नको." एवढं बोलताना कमलाकरचा आवाज जरासा ओला झाला. तो लपवायला त्यानं लगेच पहार मागवली आणि दारापुढचा जुना ओटा दुपारपर्यंत फोडून टाकला.

आता प्रश्न फळ्यांचा. सागाच्या की कंपोझिटच्या?

सागाकडून आला शब्बीर सुतार. "कमलाकरभाऊ, साग म्हंजे साग! आपल्या जंगलातला. तुमचा नातू बसन, नातवाचा नातू बसन. साग माणसाले सोडत नाही!"

कंपोझिटकडून आला शीलाबाईंचा धाकटा भाऊ चारुदत्त, थेट पुसदहून, काखेत नमुन्याची फळी घेऊन. "भाऊजी, लाकडाले वाळवी लागते, पाणी लागलं का फुगते. हे पाहा! लाकडाचा भुसा अन् प्लास्टिक, मशीनमधी दाबून काढलेलं. अमेरिकेत सारे हेच लावतात. डाग म्हणून पडत नाही!"

"भुसा?" शब्बीरनं फळी उलटीपालटी केली. "मी दुकानातून रोज झाडून फेकतो, तो? अन् तो हे लोक विकत घेतात?"

कमलाकरनं दोन्ही नमुने अंगणात उन्हाला घातले. मे महिना. शीलाबाईंनी कंपोझिटच्या फळीवर पापड वाळत टाकला. तासाभरानं पाहतात तर पापड भाजूनच तयार!

"बघा! गुणच गुण!" कमलाकर म्हणाला. माणसाचं मन एकदा अमेरिकेला गेलं की पापडाची साक्ष कोण ऐकतो?

तरी रात्री डोळा लागला की आत्या जातं ओढायला बसायची. एकीकडे आत्या, एकीकडे पोरगा! शेवटी कमलाकरनं नोकरीभर जे केलं तेच केलं. निर्णयाची वेळ आली की मधोमध रेघ मारायची. निम्मा डेक सागाचा, निम्मा कंपोझिटचा! दोन्ही पक्ष सारखेच नाराज झाले, म्हणजे काम नियमात बसलं.

अंगण उताराचं. त्यामुळे रस्त्याकडून डेक चांगला छातीएवढा उंच झाला. इथंच घात झाला!

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडं फुटत होती आणि भाव मिटत होता. जिल्ह्यात सारखं कोणतं ना कोणतं पथक पाहणीला यायचं. पथकाआधी भाषण यायचं आणि भाषणाआधी मंच. म्हणून फळ्यांचा माच उभा राहिलेला दिसला की लोकांच्या तोंडी एकच प्रश्न. मंडपवाल्या उकंडानं सायकल थांबवून तोच विचारला,

"साहेब, कोन येऊन राह्यलं?"

"हे अमेरिकेचं काम आहे, उकंडा!" कमलाकर मान ताठ करून म्हणाला. "रविवारी उद्घाटन!"

बस्स! दिवस मावळेपर्यंत बातमी उमरखेडपर्यंत गेली. रविवारी अमेरिकेचं पथक येऊन राह्यलं! कापसाचा भाव तिथूनच पडते म्हणतात, मंग तिथलेच सांगतील कधी उठते ते!

रविवारी सकाळी कमलाकरनं दार उघडलं तर पुढ्यात जत्रा! उकंडानं न विचारता मंडप ठोकलेला, भोंगा बांधलेला. लोक एसटीनं, जीपनं येत होते. कोणाच्या पिशवीत कापूस, कोणाच्या हातात अर्ज.

"अरे, हा डेक आहे! बसायचा!" कमलाकर ओरडला.

"बसूच ना साहेब! खुर्च्या आनल्या!" उकंडानं धीर दिला.

तेवढ्यात भावी आमदार भीमराजअण्णा अवतरले. गुळाच्या भेलीवर माशी, तसे मंचावर अण्णा! गेल्या तीन निवडणुका ते भावीच होते. पथक दिसेना म्हटल्यावर अण्णांनी माईक धरला.

"अमेरिका घाबरली! आली नाही! पण मी आलो! कास्तकारासाठी मी निखाऱ्यावर उभा राहीन!"

टाळ्या! मग दीपप्रज्वलन. पण समईत वात नव्हती. समोर बसलेल्या बिजलीबाई नावाच्या शेतकरी बाईनं आपल्या गाठोड्यातला चिमूटभर कापूस काढून वात वळून दिली. त्या सभेत कापसाचा झालेला उपयोग तेवढाच.

समई ठेवली होती कंपोझिटवर. उकंडाच्या मंडपाचं कापड तिथपर्यंत पुरलं नव्हतं आणि ऊन तर डोक्यावर! दिव्यापुढे जायचं म्हणून अण्णांनी रीतीप्रमाणे वहाणा काढल्या आणि पाऊल टाकलं.

"अग्गागागा!"

अण्णा डावीकडे उडाले, उजवीकडे उडाले. लोकांना वाटलं, जोश चढला! टाळ्यांचा कडकडाट! अण्णांनी एकच झेप घेतली ती थेट सागावर. सागाला शब्बीरनं पहाटेच वार्निशचा दुसरा हात मारलेला. अण्णांचे तळवे जे चिकटले, ते चिकटले! दोघांनी काखेत हात घालून ओढलं तेव्हा कुठे भावी आमदार सुटले.

"म्हटलं होतं ना भाऊ?" शब्बीर हळूच म्हणाला. "साग माणसाले सोडत नाही!"

"पण आमच्या फळीवर डाग पडला का?" चारुदत्त गरजला.

अण्णा जीपमध्ये पाय बाहेर काढून गेले. गर्दी पांगली. डेकच्या कडेला, निंबाच्या सावलीत, पाय खाली सोडून एकटी बिजलीबाई बसली होती.

"लय पथकं पाह्यली, बाबू," ती कमलाकरला म्हणाली. "पन बसाले फळी पह्यल्यांदा भेटली." पदर झटकून तीही एसटीकडे निघाली.

सायंकाळी कमलाकर डेकसमोर कपाळाला हात लावून उभा राहिला. सागावर अण्णांचे दोन पाय उमटलेले, कंपोझिटवर समईचं तेल. त्यानं पहार उचलली.

"सारं उपटून टाकतो! सलीलले फोन लाव. सांग, तुह्या बापाले तुह्यासारखा डेक नाही जमला. दिवाळीत हे पाहून हसन तो मले."

शीलाबाई आल्या. बिजलीबाई बसली होती तिथंच पाय सोडून बसल्या.

"नाही हसणार. ठेवा ती पहार."

"काहून नाही हसणार?"

"तो फोटोतला डेक त्याच्या शेजाऱ्याचा आहे. सलील तिसऱ्या माळ्यावर राह्यते. खिडकी उघडली का समोर भिंत."

पहार आपोआप खाली टेकली. "तुले कधीपासून माहीत?"

"तुम्ही ओटा फोडला ना, त्याच सायंकाळी त्याचा फोन आलता. तुमच्या खिशात तो फोटो, साऱ्या गल्लीले दाखवून राह्यले होते. माह्यानं नाही सांगवलं." शीलाबाईंनी पदरानं शेजारची फळी पुसली. "तो म्हणत होता, आई, इथं बसाले जागाच नाही गं. दिवाळीत आलो का आधी आपल्या ओट्यावर बसीन."