दर पाच मिनिटांनी

तारमास्तरांच्या घरातला मोडेम पुन्हा आपणहून किंचाळला, तेव्हा एकाही कॉम्प्युटरसमोर माणूस नव्हता.

तीस वर्षं लोकांच्या टेलिफोनच्या तारा जोडून निवृत्त झालेल्या या गृहस्थाचा स्वतःचाच फोन आठ दिवस एंगेज होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मुलगी परगावी नोकरीला निघाली, तेव्हा "गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस," असं ते रागाच्या भरात बोलून बसले. मुलगी बापाच्याच वळणावर गेलेली. ती गेली, आणि खरंच बोलली नाही. तेव्हापासून त्यांना घास गोड लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चढवली, घरातले बाकीचे तीन त्याला जोडले आणि कुणीही इंटरनेट मागितलं की मोडेमने घरच्या फोनलाइनवरून आपोआप नंबर फिरवावा, अशी सोय केली. आता लाइन जेमतेम सुटायची, तोच मोडेम पुन्हा नंबर फिरवायचा.

"तुझंच काहीतरी असणार," ते मुलावर घसरले. "त्या गेमा काढून टाक आधी."

"बाबा, माझा बंद आहे."

"मग केबलही काढ."

केबल निघाली. पाच मिनिटांनी मोडेम किंचाळला. मग बायकोची पाळी.

"अहो, मी शिकवणीच्या प्रश्नपत्रिका टाइप करते त्यावर. त्या बिचाऱ्याला इंटरनेट ठाऊकसुद्धा नाही!"

तिचीही केबल निघाली. मोडेम किंचाळलाच.

"आता राहिलं कोण?" बायकोने विचारलं.

कोण कधी इंटरनेट मागतं, याची लिनक्सने ठेवलेली नोंद त्यांनी उघडली. दर पाच मिनिटांनी एकच मागणी, तीही त्यांच्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून. मुलीचा मेल आला तर कळायला उशीर नको, म्हणून दर पाच मिनिटांनी टपाल तपासायला त्यांनीच त्याला लावलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती.

"बंद करा ते."

"आणि नेमका तेव्हाच तिचा मेल आला तर?"

बायकोने मोडेमची वायरच उपटली. पाव तासात फोन वाजला.

"आठ दिवस फोन लावतेय, बाबा!" मुलगी रडत होती. "मला वाटलं, रिसीव्हर मुद्दाम काढून ठेवलाय तुम्ही."

"नाही गं. तुझ्या मेलची वाट बघत होतो."

"मेल? तुम्हाला मेलचा पत्ता आहे?"

"आहे ना. तू गेल्यावर काढला."



"मग तो मला सांगितला कुणी?"

तारमास्तरांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने मुलाकडे. तो पत्ता घरात दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हता.

"लिहून घे," ते म्हणाले आणि एकेक अक्षर सांगू लागले. पत्ता दोनदा सांगून झाला. तिने इतक्यात फोन ठेवू नये, म्हणून त्यांनी तिसऱ्यांदा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली.