आज आमच्याकडे मेथीची भाजी

कोंडवाड्यात कोणाची म्हैस अडकली, देवीची लस टोचायला डॉक्टर कधी येणार, मालेगावचा बाजार का भरणार नाही, हे सगळं गावाला ओरडून सांगायचं आणि शेवटी त्याच सरकारी सुरात आपल्या घरी आज कोणती भाजी आहे तेही सांगायचं, असा चपराशी तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला. पाहिला म्हणजे काय, भोगला! मी त्या पंचायतीचा सेक्रेटरी होतो आणि संपतकाकांच्या भिंतीला भिंत लावून राहत होतो.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. ही गोष्ट पन्नास सालानंतरची. आमचं गाव वाशीम तालुक्यातलं, मेडशीच्या अलीकडचं. गावात वीज नव्हती, पण पंचायतीला बॅटरीवर चालणारा एक सरकारी रेडिओ मिळाला होता आणि त्याचा कान पिळायचा हक्क फक्त काकांना होता. रेडिओतला माणूस 'नमस्कार' म्हणाला की काका टोपी काढून 'नमस्कार, बसा' म्हणायचे. तो खोकला की अस्वस्थ व्हायचे. "पानी द्या रे कोनी त्याले! निरा कोरड्या घशानं बोलून राह्यला बिचारा."

त्या रेडिओचं ऐकूनच काकांनी आपला थाट बसवला होता. मालेगावच्या कंदील दुरुस्त करणाऱ्याकडून त्यांनी पत्र्याचा भोंगा करून आणला होता. दिवेलागणीला तो घेऊन ते पंचायतीमागच्या टेकाडावर चढायचे. ढोरं घरी परतलेली असायची, त्यांच्या खुरांची धूळ अजून हवेत असायची, चुलींचा धूर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरांवर उतरत असायचा. त्या अर्धवट उजेडात वरून आवाज यायचा, "सर्वांनी ऐकावे, ऐकले ते सांगावे." सगळं गाव हातातलं काम थांबवून ऐकायचं. मग खाली उतरून हाच माणूस विचारायचा, "काहून बे, आयकू आलं ना?" टेकाडावर पुस्तकी, खाली वऱ्हाडी. ती पुस्तकी भाषा काका टेकाडावरच ठेवून येतात की काय, असं मला वाटायचं.

एक तक्रार मात्र कायमची होती. भोंग्याचं तोंड नाल्याकडे आणि काकांची पाठ गावाकडे! सरपंचांनी विचारलं तर काका म्हणाले, "वारा तिकडून येते ना साहेब. आवाज वाऱ्यावर आपटते अन् माघारी गावात पडते." हे त्यांनी इतक्या सरकारी चेहऱ्यानं सांगितलं की सरपंचांनी मान डोलावली.

आणि भाजी! "आज आमच्याकडे आंबाडीची भाजी. सूचना संपल्या." एकदा तर भर वैशाखात, विहिरी तळाला गेलेल्या असताना, मेथीची भाजी जाहीर झाली. माझी बायको सूप हातात घेऊन बाहेर आली. "मायबाई! यायले मेथी भेटली कुठी?" भिंतीला भिंत असूनही मला त्या घरातून कधी फोडणीचा वास आला नव्हता. आला असता तर मी वाटी घेऊन गेलोच असतो.

काका घरात एकटे. त्यांची एकुलती लेक यमुना नाल्यापलीकडच्या वाडीवर दिली होती. लग्नानंतर पहिल्याच हंगामात व्याह्यांचा, म्हणजे गणपतरावांचा, बैल लोकांच्या ज्वारीत शिरला आणि कोंडवाड्यात आला. दुसरा कोणी असता तर त्यानं दोर सोडून बैलाला गुपचूप घरी हाकललं असतं. काकांनी भोंगा उचलला. "तांबडा बैल, एक शिंग मोडके. मालक गणपतराव, वाडीवाले. मालकाने बैलास शिस्त लावावी."

गणपतराव पागोटं सावरत आले. "इवाईबुवा, माया बैलाची भर गावात इज्जत काढली तुमी. आता आमची सून तुमच्या उंबऱ्यात पाय ठेवनार नाई!"

"कायद्यात इवाई बसत नाई," काका म्हणाले. झालं! पुढं काकू वारल्या, तेव्हा यमुना दिवसकार्यापुरती येऊन गेली, तेवढीच. मला काकांचा फार राग यायचा. हा माणूस भोंग्यासारखाच निव्वळ पत्र्याचा आहे, असं मी बायकोला म्हणायचो.

दिवाळीनंतर वाशीमहून एक साहेब आले. हिवतापाच्या औषधाची फवारणी होती. काकांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "उद्या घरोघरी औषध फवारण्यात येईल. भांडी झाकून ठेवावीत. आज आमच्याकडे वांग्याची भाजी."

साहेब ताडकन उठले. "हे पंचायतीचं ऑफिस आहे की खानावळ? सेक्रेटरी, ती भाजी बंद करा, नाहीतर माणूस बदला!"

साहेब गेल्यावर मी काकांना हुकूम सांगितला. मला वाटलं, भांडतील. ते भोंगा मांडीवर घेऊन ओट्यावर बसले.

"साहेब, थे पोट्टी आयकते ना."

"कोण पोट्टी?"

"यमी. माय गेल्यापासून तिले एकच घोर, बा जेवला का नाई. येता येत नाई, निरोप धाडता येत नाई. दिवेलागनीले दिवा घेऊन आंगनात उभी राह्यते. भाजी सांगतली का दिवा घरात जाते. मले वरून दिसते." मग टोपी सारखी करत म्हणाले, "पन हुकूम हाय तर हाय. कायद्यात भाजी बसत नाई."

एवढे दिवस मी या माणसाला पत्र्याचा म्हणत होतो!

दुसऱ्या संध्याकाळी मीही टेकाडावर गेलो. काकांनी सूचना वाचल्या. "सूचना संपल्या," म्हणाले आणि भोंगा खाली ठेवला. नाल्यापलीकडे, धुराच्या निळसर पट्ट्यात, एक बारीक दिवा होता. तो हलेना.

"जाय माय, घरात जाय," काका पुटपुटले.

दिवा घरात गेला नाही. तो अंगणाबाहेर पडला, उतारानं खाली आला, नाल्यात दिसेनासा झाला आणि अलीकडच्या काठावर वर आला. त्याच्यामागून दुसरा एक मोठा उजेड डुलत येत होता. आम्ही दोघं बघत राहिलो.

यमुना धापा टाकत वर आली. हातात फडक्यात बांधलेली भाकर. "बाबा! काय झालं? चूल नाई पेटली का?"

मागून कंदील आणि त्याच्याआधी आवाज आला. "इवाईबुवा! जित्ते हाय ना? ना मेथी, ना वांगं! आमी समजाव काय?"

"गणपतराव, तुम्हीही ऐकता?" मी विचारलं.

"मंग! रोज भोंगा आमच्या दारात कोंबते हा मानूस. याची भाजी आयकूनच आमच्या घरी काय रांधाचं थे ठरते!"

सगळे काकांच्या घरी आलो. यमुनेनं एकेक झाकण उचललं. शिळी भाकर, मीठ, लाल मिरचीचा ठेचा. बाकी भांडी पालथी.

"बाबा, कालचं वांगं कुठी हाय?"

साऱ्या गावाला सूचना देणारा माणूस धोतराच्या सोग्यानं भोंगा पुसत बसला. "तुले बरं वाटाव म्हनून," एवढंच म्हणाला.

यमुना मोठ्यानं रडली. मग डोळे पुसून तिनं बापाला चांगलं झापलं आणि ती चुलीशी बसली. गणपतराव बराच वेळ कंदिलाची वात उगीच खालीवर करत होते. शेवटी म्हणाले, "सूनबाई, रोज सांजच्याले येत जाय इकडं. बैलाचं मी पाह्यतो."

पुढच्या संध्याकाळी भिंतीपलीकडून लसणाच्या फोडणीचा वास आला. काका टेकाडावर चढले, पण या खेपेला तोंड गावाकडे करून उभे राहिले. सूचना झाल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सांगा काका," मी म्हणालो. "साहेब वाशीमला आहेत."

त्यांनी भोंगा तोंडाला लावला. "सर्वांनी ऐकावे, ऐकले ते सांगावे. आज आमच्याकडे मेथीची भाजी." पुढं 'सूचना संपल्या' आलं नाही. पहिल्यांदाच त्या भोंग्यातून वऱ्हाडी बाहेर पडली.

"खरीच हाय बापा. लेकीनं केली."